दगडावर कोरलेली समीकरणे

थडग्यावर काय लिहिलेले असते? मृताचे नाव, जन्ममृत्यूचे साल आणि फार तर प्रार्थनेची एखादी ओळ. परंतु जर्मनीतील गॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावी अशी एक दफनभूमी आहे की, तेथील काही थडग्यांवर चक्क विज्ञानातील सूत्रे कोरलेली आहेत. १८८१ साली सुरू झालेल्या या नगर-दफनभूमीत आठ नोबेल पारितोषिक विजेते चिरनिद्रा घेत आहेत. माक्स प्लांक, माक्स बोर्न आणि माक्स फोन लाउए हे तिघे पदार्थवैज्ञानिक. तर ऑटो हान, वाल्टर नेर्न्स्ट, ऑटो वालाख, आडोल्फ विंडाउस आणि रिचर्ड झिगमोंडी हे पाच रसायनशास्त्रज्ञ. चला, यांपैकी काही दगड आपण वाचू या.

प्लांक (१८५८–१९४७) यांच्या दगडावर नावाखेरीज एक संख्या आहे : ६.६२ गुणिले १० चा उणे २७ वा घात, एकक अर्ग-सेकंद. हाच तो ‘प्लांकचा स्थिरांक’. तापलेली वस्तू ऊर्जा बाहेर टाकते ती नळाच्या धारेसारखी सलग नसते, माळेच्या मण्यांसारखी सुट्या सुट्या पुंजांनी असते, असे प्लांक यांनी १९०० साली मांडले. प्रारणाच्या वारंवारतेला या स्थिरांकाने गुणले की एका पुंजाची ऊर्जा मिळते. एक जूल म्हणजे एक कोटी अर्ग. तेव्हा हीच संख्या जूल-सेकंदात मांडली तर घात उणे ३४ होतो. तुम्ही स्वतः पडताळून पाहा. संख्या इतकी चिमुकली असल्यामुळेच रोजच्या व्यवहारात पुंज जाणवत नाहीत. तरीही वाण्याच्या वजनमापाचा आधार आता तीच आहे! पूर्वी पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजे एक किलोग्रॅम मानत. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते.

बोर्न (१८८२–१९७०) यांच्या दगडावर पुंजयामिकीचे एक मूलभूत समीकरण आहे. ते समजण्यासाठी एक प्रयोग करा. हातात पुस्तक उभे धरा, मुखपृष्ठ स्वतःकडे. उजवी बाजू खाली जाईल अशा रीतीने पुस्तकाला पाव फेरा द्या, मग वरची कड स्वतःपासून दूर नेऊन ते आडवे करा. पुस्तक आडवे राहील, मुखपृष्ठ वर. आता क्रम बदला. आधी पुस्तक आडवे करा, मग उजवी बाजू खाली नेत पाव फेरा द्या. या वेळी पुस्तक उभे राहील आणि मुखपृष्ठ उजवीकडे! क्रिया त्याच, पण क्रम बदलताच उत्तर बदलले. तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा हे संख्यांना चालते, सगळ्याच क्रियांना चालत नाही. अणूच्या जगात कणाचे स्थान आणि त्याचा संवेग यांचेही तसेच असते. त्यांचा गुणाकार दोन क्रमांनी केला तर उत्तरांत फरक पडतो, आणि या फरकात प्लांकचाच स्थिरांक असतो. १९२५ साली बोर्न यांनी हे समीकरण मांडले.

पुढे आठच वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलरची राजवट आली आणि ज्यू असल्यामुळे बोर्न यांना अध्यापनातून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले. १९३५-३६ मध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने होते. नंतर एडिंबरोला अनेक वर्षे शिकवून उतारवयात ते जर्मनीला परतले. १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑटो हान (१८७९–१९६८) यांच्या दगडावर युरेनियम आणि न्यूट्रॉन यांची चिन्हे आहेत. १९३८ च्या डिसेंबरात हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला, तेव्हा त्यांना बेरियम सापडले. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, बेरियमचा ५६. वजाबाकी केली तर ३६ उरतात, तो क्रिप्टॉनचा क्रमांक. म्हणजे अणुकेंद्र चक्क दुभंगले होते! याचा अर्थ प्रथम उलगडला तो लीझे माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी. माइटनर यांनी हान यांच्याबरोबर सुमारे तीस वर्षे काम केले होते. पण ज्यू घराण्यातील असल्याने त्याच वर्षी जुलैत त्यांना देश सोडून पळावे लागले. नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. माइटनर यांचे थडगे इंग्लंडमधील ब्रॅम्ली या खेड्यात आहे. त्यावर सूत्र नाही. माणुसकी कधीही न गमावलेली पदार्थवैज्ञानिक, एवढाच मजकूर आहे.

लाउए (१८७९–१९६०) यांनी १९१२ साली स्फटिकांतून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे दाखवून दिले. त्यांच्या नोबेल पदकाची हकिगत तर रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. नाझींच्या हाती लागू नये म्हणून लाउए यांचे आणि जेम्स फ्रांक यांचे सुवर्णपदक कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेले होते. १९४० मध्ये जर्मन सैन्य तेथे घुसले, तेव्हा जॉर्ज हेवेशी यांनी दोन्ही पदके अम्लराजात विरघळवून टाकली. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या या मिश्रणात सोनेही विरघळते. द्रावणाची बाटली फळीवर तशीच राहिली आणि युद्ध संपल्यावर त्यातील सोने परत मिळवून पदके पुन्हा घडवण्यात आली.

जवळच गणिती डेव्हिड हिल्बर्ट (१८६२–१९४३) यांचेही थडगे आहे. ‘आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच’ अशा अर्थाचे त्यांचेच शब्द त्यावर कोरले आहेत. १९३० च्या सप्टेंबरात केनिग्जबर्ग येथील भाषणात त्यांनी ते उच्चारले. गंमत अशी की, गणितातील काही सत्य विधाने ठरावीक गृहीतकांवरून सिद्धच करता येत नाहीत, हे कुर्ट गोडेल या तरुणाने त्याच शहरात आदल्याच दिवशी जाहीर केले होते! मात्र हिल्बर्ट यांच्या गणितशाळेची मोडतोड गोडेलने केली नाही, ती केली राजवटीने. एमी नोएथर या श्रेष्ठ गणितीलाही १९३३ मध्ये काढून टाकण्यात आले. १९३५ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले आणि त्यांची रक्षा तेथेच आहे.

म्हणून ही दफनभूमी वाचताना जे दगड तेथे नाहीत तेही ध्यानात घ्यावे लागतात. येथे विसावलेल्यांना त्याची जाणीव होती. १२ एप्रिल १९५७ रोजी अठरा जर्मन शास्त्रज्ञांनी अण्वस्त्रांच्या कामात आपण कोणताही भाग घेणार नाही, असे जाहीर केले. त्या पत्रकावर हान, बोर्न आणि लाउए या तिघांच्याही सह्या होत्या. ही गोष्ट मात्र कोणत्याही सूत्रात मांडता येत नाही. ती आपणच लक्षात ठेवायची असते.