‘पंच’ पेयातील प्रमाणविचार

‘पंच’ हा शब्द कानी पडताच मराठी वाचकास पाच ही संख्या तरी आठवते, नाही तर न्यायनिवाडा करणारे गावचे पंच तरी आठवतात. इंग्रजीत याच उच्चाराचे एक पेय आहे. लिंबूवर्गीय फळांचा रस, साखर, पाणी, एखादा सुगंधी पदार्थ आणि मद्य यांचे हे मिश्रण मोठ्या भांड्यात एकदम तयार करून मंडळींस वाटून दिले जाते. उन्हाळ्यातील मेळाव्यांसाठी त्यात कडक मद्याऐवजी वाइन घालण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या पेयाच्या नावाचा थोडक्यात आणि त्याच्या घटनेचा काहीशा विस्ताराने विचार करावयाचा आहे. पंचाचे स्वरूप घटकांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांच्या परस्पर प्रमाणावरून ठरते. आणि कडक मद्याच्या जागी वाइन आली की जुने प्रमाण टिकत नाही, ते नव्याने मांडावे लागते, हे येथील मुख्य प्रतिपाद्य आहे.

१. नावाचा प्रश्न

या पेयाचा उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात १६३२ साली आढळतो. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या वृत्तांतात ते ‘पालेपुन्त्झ’ या रूपाने येते. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चार घटक तेथे दिले आहेत. बर्निये या फ्रेंच वैद्याने बंगालच्या वर्णनात ‘बूलपोंज’ असे नाव देऊन मद्य, लिंबाचा रस, पाणी व किंचित जायफळ सांगितले आहे, आणि पेय रुचकर असले तरी प्रकृतीस घातक असल्याचा इशाराही दिला आहे. या दोन्ही नावांत पेयाबरोबर ते ज्या भांड्यात करावयाचे त्या ‘बोल’चाही अंश दिसतो. पुढे जर्मन भाषेत तर अशा पेयास भांड्यावरूनच ‘बोले’ हे नाव पडले.

हा शब्द हिंदुस्थानी ‘पाच’वरून आला, ही व्युत्पत्ती डॉ. जॉन फ्रायर याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनामुळे रूढ झाली. गोव्याकडील नेरूळ येथे उत्तम अरक होते, या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून हे पेय करतात आणि पाच घटकांमुळे त्यास हे नाव मिळाले, असे तो सांगतो. पंचामृताशी परिचित असलेल्या आपणास ही व्युत्पत्ती सहज पटते. तथापि तिच्या मार्गात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, वर दिलेल्या जुन्या वर्णनांत घटक पाच नसून चार आहेत. दुसरी अडचण उच्चाराची आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी शब्दातील स्वर ‘उ’काराच्या जवळचा होता, आणि जर्मन ‘पुन्त्झ’ व फ्रेंच ‘पोंज’ ही रूपे त्यास दुजोरा देतात. ‘पंच’मधील ‘अ’ किंवा ‘पाँच’मधील ‘आ’ यांच्याशी तो सहजी जुळत नाही. म्हणून काही कोशकारांनी ‘पंचन’ या मोठ्या पिंपाच्या इंग्रजी नावाचे खलाशांनी केलेले संक्षिप्त रूप, असा पर्याय सुचविला आहे. दोहोंपैकी कोणताही पक्ष निर्विवाद सिद्ध झालेला नाही. संख्येवरून पेयाचे लक्षण करता येत नाही, एवढे मात्र यावरून निश्चित होते.

२. मुंबईचा १६९४ चा आदेश

हे लक्षण कोठे शोधावे याचे उत्तर मुंबई सरकारच्या १६९४ च्या एका आदेशात मिळते. खाणावळीत पंच पिण्यास येणाऱ्या गिऱ्हाइकास एक क्वार्ट उत्तम गोवा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट ‘लाइम वॉटर’ मागून घेऊन आपले पेय आपणच मिसळण्याचा हक्क होता. भांड्यावर बाजार-कारकुनाची मोहर नसेल, तर ते भांडे किंमत न देता खुशाल फोडावे, अशीही मुभा होती. येथील ‘लाइम वॉटर’ म्हणजे चुन्याची निवळी नव्हे, लिंबाचा रस होय, हे सांगावयास नकोच.

एका क्वार्टमध्ये दोन पाइंट असल्याने अरक आणि रस यांचे प्रमाण चारास एक असे पडते. जुन्या वाइन-गॅलनच्या मापाने रस सुमारे २३७ मि.लि. आणि साखर सुमारे २२७ ग्रॅम होते. म्हणजे आंबट आणि गोड जवळजवळ समान. आदेशात पाण्याचा उल्लेख नाही. ज्याचे मोल नाही त्यात फसवणुकीची भीतीही नाही, म्हणून ते गृहीत धरले असावे. जायफळादी सुगंधी पदार्थही नाहीत. शासनास जे राखणे आवश्यक वाटले ते घटकांची संख्या नव्हे, तर माप आणि मापाची खूण.

३. वाइन आल्याने काय बदलते

माडीपासून गाळलेल्या अरकात आम्ल जवळजवळ नसते, साखर नसते आणि मद्यार्क भरपूर असतो. वाइनची घटना याहून वेगळी आहे. तिच्यात मद्यार्क साधारण १२ टक्के असून उरलेला बहुतेक भाग पाणीच असते. शिवाय दर लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास स्वतःचे आम्ल असते. त्यामुळे वाइनमध्ये १६९४ च्या प्रमाणाने लिंबू घातल्यास पेय असह्य आंबट होईल आणि तो आंबटपणा झाकण्यासाठी साखर वाढवीत न्यावी लागेल.

दुसरा फरक सुगंधाचा. लिंबूवर्गीय फळांचा खरा वास रसात नसून सालीच्या रंगीत थरातील सूक्ष्म तैलकोशांत असतो. तेथील लिमोनीनप्रधान तेल पाण्यात विरघळत नाही. कडक मद्य ते ओढून घेते, परंतु १२ टक्के मद्यार्काचे हे सामर्थ्य फार थोडे. म्हणून वाइनच्या पंचात हे काम साखरेकडे द्यावे लागते. साल साखरेत चोळली असता स्फटिकांच्या घर्षणाने तैलकोश फुटतात, साखर सालीतील ओलावा शोषते आणि तेल तिच्यात मुरते. सालीखालचा पांढरा थर मात्र कडवट असल्याने तो शक्य तितका वगळावा.

४. कृती

सुमारे पंधरा पेल्यांसाठी पुढील साहित्य घ्यावे : कोरड्या पांढऱ्या वाइनच्या ७५० मि.लि.च्या दोन बाटल्या (नाशिक परिसरात होणारी शेनँ ब्लाँ वाणाची वाइन चालेल), संत्र्यांचा रस ३०० मि.लि., कागदी लिंबांचा रस ६० मि.लि., साखर ९० ग्रॅम, साधा सोडा ६०० मि.लि., दोन संत्री व दोन लिंबे यांच्या पातळ काढलेल्या साली आणि किंचित जायफळ.

प्रथम साली साखरेत चोळून तासभर झाकून ठेवाव्यात. नंतर लिंबाचा रस घालून साखर पूर्ण विरघळू द्यावी व साली गाळून काढाव्यात. थंड वाइनमध्ये साखर सावकाश विरघळते, म्हणून हा क्रम उलटवू नये. संत्र्याचा रस अगदी शेवटी काढावा. मोसंबीचा रस काही वेळ ठेवला की कडू होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. आम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होते, हे त्याचे कारण, आणि संत्र्याच्या रसातही हीच क्रिया घडते. रस व वाइन मिसळून झाल्यावर थंडगार सोडा भांड्याच्या कडेने सोडावा. वायू थंड द्रवात अधिक टिकतो, म्हणून सोडा कोमट नसावा. चव थंड झाल्यावरच पाहावी, कारण थंडीमुळे गोडीची जाणीव मंदावते. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो.

बर्फाविषयी थोडे गणित उपयोगी पडेल. अडीच लिटर मिश्रण ३० अंशांवरून ५ अंशांवर केवळ बर्फाने आणावयाचे, तर सुमारे ७३५ ग्रॅम बर्फ वितळावे लागते आणि तेवढेच पाणी पेयात वाढते. तेच मिश्रण आधी ८ अंशांपर्यंत थंड केलेले असल्यास ९० ग्रॅमहून कमी बर्फ पुरते. पुढे ते थंड राखण्यासाठी लहान तुकड्यांऐवजी एकच मोठा ठोकळा घालावा. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते; तेवढेच बर्फ अडीच सेंटिमीटरच्या चौसष्ट तुकड्यांत असेल, तर ते २४०० होते. पृष्ठफळ चौपट झाले की बर्फ त्या मानाने लवकर वितळतो.

५. प्रमाणाची तपासणी

या मिश्रणातील आम्लाचा ठोकळ हिशेब असा : वाइनमधून ९ ग्रॅम, लिंबातून ३ ते ३.५ ग्रॅम आणि संत्र्यांतून सुमारे ३ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून अधिक आम्ल वाइनच आणते. लिंबू येथे आधार नसून पूरक आहे. १६९४ च्या पंचात संपूर्ण आम्ल लिंबाचे होते. दोन्ही पेये एकाच कुळातील खरी, परंतु एकाचे माप दुसऱ्यास लावता येत नाही, ते या कारणाने.

मद्यार्काचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. दीड लिटर वाइनमध्ये १८० मि.लि. मद्यार्क असतो. रस, साखर, सोडा आणि वितळलेले सुमारे पाव लिटर बर्फ मिळून एकूण द्रव पावणेतीन लिटर होतो. म्हणजे तीव्रता साडेसहा टक्के पडते. पंधरा पेले केल्यास प्रत्येकात १२ मि.लि., म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम मद्यार्क येतो. नुसत्या वाइनच्या १५० मि.लि.च्या पेल्यात तो चौदा ग्रॅमच्या घरात असतो. यावरून पंच निरुपद्रवी ठरते असे मात्र समजू नये. थंडी, गोडी आणि फळांचा वास यांमुळे मद्याची जाणीव लोपते आणि तहानेच्या भरात पेले मोजले जात नाहीत. दोन पेल्यांत वाइनच्या एका पेल्याहून अधिक मद्यार्क पोटात जातो. त्यातच यजमानाने ‘थोडा जोर यावा’ म्हणून २०० मि.लि. ब्रँडी ओतल्यास मद्यार्क १८० वरून सुमारे २६५ मि.लि.वर जातो, आणि चवीवरून तो फरक पाहुण्यास क्वचितच ओळखता येतो.

म्हणून भांड्यावर घटक व तीव्रता लिहिलेली चिठ्ठी असावी. मद्य न घेणाऱ्यांसाठी साखर-सालीचा तोच अर्क संत्र्याचा रस व सोडा यांत मिसळून वेगळ्या भांड्यात ठेवावा. वाइनचे आम्ल तेथे नसल्याने लिंबाचा रस मात्र वाढवावा लागेल.

तात्पर्य, पंचात घटक चार असोत वा पाच, ते सर्वांसाठी एकदम मिसळलेले असते आणि मिसळणाराच त्याचे माप जाणतो. ते माप पिणाऱ्यास कळावे हा १६९४ च्या आदेशाचा आशय होता, आणि मद्य बदलले तरी तो आजही लागू आहे.