भाकरीच्या पुढची दया

दिवाळीचा पहिला दिवा आपण लावतो तो गायवासरासाठी. वसुबारस झाल्याखेरीज आपल्याकडे दिवाळी सुरूच होत नाही. नागपूरकर तर याही पुढे गेलेले. बैलांचा पोळा आटोपला की दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरवणारे हे शहर! दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा. अशा घरांत वाढलेल्या माणसांना भूतदया कोणी शिकवायला नको. मग कोपऱ्यावर एखादे कुत्रे मोटारीखाली सापडून विव्हळत पडले, म्हणजे आपले पाऊल का बरे अडखळते?

मनात दया नसते असे नाही. पण पुढे काय करायचे ते उमगत नाही. भाकरीचा तुकडा टाकला की कर्तव्य संपले, अशीच आपली समजूत असते. त्या 'पुढे काय'चे उत्तर असते ते जनावरांच्या दवाखान्यात.

आपल्या प्रांतात या कामाचा पाया फार जुना आहे. मुंबईला १८७४ साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास आळा घालणारी संस्था निघाली. पुढे १८८३ मध्ये सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव मिळाले. या इस्पितळाच्या आवारातच १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे तेथे आधी धर्मादाय आला आणि मागाहून विद्या आली!

नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे शिकवणे आणि उपचार हातात हात घालून चालतात. २००० साली साऱ्या महाराष्ट्रासाठी पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेही नागपुरातच. त्याच टेकडीवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे. जखमी माकडे, साप, संक्रांतीच्या मांज्याने पंख कापले गेलेले पक्षी असे नाना तऱ्हेचे रोगी तेथे येतात.

पण सर्वांत मोठे काम आहे ते आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे. येथे दयेचा आणि भीतीचा सामना होतो. नागपूरने तो उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालू नये. ज्यांना घालायचे असेल त्यांनी कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली. तेवढ्या अवधीत कितीतरी सोसायट्यांतून शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला गेला असेल! एकाला भुकेले पिल्लू दिसत होते, दुसऱ्याला शाळेतून परतणारे आपले मूल. वाचकहो, यांतला खोटा कोण होता? कोणीच नाही. रेबीजने जगात वर्षाला सुमारे एकोणसाठ हजार माणसे दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत दहांतली चार तरी पंधरा वर्षांखालची मुले असतात. लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस बहुधा वाचत नाही. आईची भीती खोटी कशी म्हणावी?

मात्र या भीतीवरचा उतारा काठीत नाही, सुईत आहे. एखाद्या वस्तीतल्या शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते. नसबंदीचेही तसेच. कुत्रीला दोन महिन्यांत पिल्ले होतात आणि वर्षातून दोनदा होऊ शकतात. तेव्हा एक शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर पुढची केवढी उपासमार टळते याचा हिशेब आपणच करावा. कुत्रे पकडून आणायचे, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची, ओळखीसाठी कानाला बारीकशी खाच पाडायची, जखम भरेतो सांभाळायचे आणि जिथून आणले तिथेच सोडायचे, अशी ही रीत. २०२३ च्या नियमांतही ती आहे. तिथेच का सोडायचे? रिकाम्या जागेत दुसरी कुत्री शिरतात, आणि ती लस न टोचलेली असतात, म्हणून! पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली व हल्लेखोर कुत्री वगळून हीच रीत साऱ्या देशासाठी सांगितली. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवावीत असा आदेश दिला.

निवारा म्हटला की चार भिंती आणि वर पत्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण दाटीवाटीने कोंडलेल्या जनावरांत पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग वाऱ्यासारखे पसरतात. नवा प्राणी आला की त्याला काही दिवस वेगळा ठेवायचा, जंताचे औषध द्यायचे, गोचिड्या काढायच्या, लशी टोचायच्या आणि मगच इतरांत सोडायचा. डॉक्टरावाचून निवारा म्हणजे निव्वळ कोंडवाडा! म्हणूनच दिवसभर फी देणारे रोगी तपासून जो डॉक्टर संध्याकाळी निवाऱ्यातल्या बेवारशी कुत्र्याचे टाके काढायला जातो, तो आपल्या मुलांचेही रक्षण करीत असतो.

मात्र डॉक्टर एकटा काय करणार? कुत्रे दाखवायला कोणीतरी हवे, धरायला हवे, शस्त्रक्रियेनंतर पिल्लाला आठ दिवस घरात जागा द्यायला हवे. खाऊ घालणाऱ्या बाईंच्या हाकेला जे कुत्रे धावत येते, ते पालिकेच्या माणसाला बघताच पळते. तेव्हा त्या बाईच लसीकरणाच्या खऱ्या मदतनीस. आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांनी उघड्यावरचा कचरा बंद करण्याचा आग्रह धरला, तर तेही याच कामाला हातभार लावतात. भांडणारे हे दोन शेजारी एका कामाची दोन टोके धरून उभे आहेत, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. कुत्रे चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची यांचे काम स्वयंपाकघरात.

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरी जुन्या चादरी, सतरंज्या आणि रद्दी निघते. बोहारीण त्या चादरींचे एखादे भांडे देईल. निवाऱ्यातल्या आजारी पिल्लाला मात्र त्याच चादरी ऊब देतील आणि ती रद्दी त्याच्याखाली अंथरायला होईल. फटाके लावताना ओट्याखाली दडलेल्या जिवाकडे एकदा पाहावे, आणि पारा पंचेचाळिसाला भिडणाऱ्या आपल्या मे महिन्यात दाराशी पाण्याचे एक पसरट भांडे ठेवावे. आपला हा अंकदेखील सगळ्यांचा वाचून झाल्यावर रद्दीत निघाला, तर तो कोठे पाठवायचा हे आता निराळे सांगायला नको!