सभापतींच्या खुर्चीतून रोजगार हमी

महाराष्ट्रात बऱ्यापैकी पगार असलेल्या कुणाचीही पगारपत्रिका उघडून बघा. कपातीच्या रकान्यात व्यवसाय कराची ओळ असते. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. आपण तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण 1975 साली हा कर बसवला गेला तो खेड्यातल्या मजुराची मजुरी भागवण्यासाठी. मुंबईतल्या ऑफिसात कापलेला पैसा दुष्काळी तालुक्यातल्या बांधावर पोचवायचा, ही त्यामागची योजना. या साऱ्याचं मूळ विधान परिषदेच्या एका सभापतींच्या डोक्यात होतं. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे सांगली जिल्ह्यातल्या बागणीचे, 1910 सालचा जन्म. वकिलीचं शिक्षण, स्वातंत्र्यलढा आणि संतसाहित्याचा गाढा व्यासंग. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं, त्या खुर्चीवर राहिले. या खुर्चीला मान मोठा, पण बंधनंही तितकीच. सभापतीला मंत्र्यासारखा हुकूम काढता येत नाही, सरकारी तिजोरीतला पैसा योजनेला लावता येत नाही, सभागृहात बाजू घेऊन बोलता येत नाही. मत द्यायचं तेही दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. अशा जागी बसलेल्या माणसाकडून देशातला सगळ्यात धाडसी रोजगार कायदा यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

सुरुवात तासगाव तालुक्यातल्या विसापुरात झाली. 1965च्या सुमाराला पागे यांनी हिशेब मांडला: गावात काम मागणारे हात किती, वर्षातले किती दिवस ते रिकामे असतात आणि त्यांना मजुरीवर लावायचं तर पैसा किती लागेल. रक्कम सरकारला न पेलण्यासारखी नव्हती. त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहिलं, नाईकांनी होकार दिला आणि विसापूर परिसरात प्रयोग सुरू झाला.

या प्रयोगानं जुना क्रम उलटा केला. तोवर दुष्काळी कामं निघायची ती सरकारला वाटलं तर, वाटलं तेव्हा आणि तितकीच. कलेक्टरनं दुष्काळ जाहीर करायचा, मग खडी फोडायला माणसं लावायची. पागे यांच्या कल्पनेत पहिलं पाऊल मजुराचं होतं. त्यानं ‘मला काम हवं’ म्हणायचं आणि सरकारनं ते द्यायचं. पाऊस झाला की नाही, गाव दुष्काळी यादीत आहे की नाही, हे प्रश्नच मागे पडले.

1972 साली योजना राज्यभर जाहीर झाली आणि लगेच तो भीषण दुष्काळ आला. 1973च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे सगळं त्या पिढीच्या बोलण्यात अजून येतं. इतक्या माणसांना एकाच वेळी काम देता येतं, हे त्या संकटानं शासनयंत्रणेला दाखवून दिलं. पुढे 1977 मध्ये विधिमंडळानं एकमतानं रोजगार हमीचा कायदा केला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. वर्षाला अमुकच दिवस, अशी मर्यादा त्यात घातली नव्हती. पैशाची सोय व्यवसाय कर आणि आणखी काही करांतून. त्यांतून जितकं जमेल तितकीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची.

कागदावरचा हा हक्क कामावर कसा उतरत होता, ते माती मोजताना दिसतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट माती निघते. तिला आपण एक ब्रास म्हणतो. दर ठरतो तो जमिनीवर. मऊ मातीचा वेगळा, मुरुमाचा वेगळा, खडकाचा त्याहून जास्त. खणताना खड्ड्यात मधेच मातीचा एक उंचवटा न खणता ठेवतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती आणि किती खोल गेलो हे मोजणाऱ्याला दिसतं. मग टेप लागतो आणि टोळीची मजुरी ठरते. टोळीत कुणी कुदळ मारतं, कुणी घमेली वाहतं. टेपला त्यातलं बाई-माणूस कळत नाही, आणि कायद्यालाही तो भेद मान्य नव्हता. शेतात बाईला पुरुषाहून कमी मजुरी देण्याची सर्रास रीत होती, त्या काळातली ही गोष्ट. बायका या कामांवर मोठ्या संख्येनं आल्या, काही ठिकाणी पुरुषांहूनही जास्त. कामावर सावलीची, पाण्याची, लहान लेकरांना सांभाळण्याची सोय हवी, हेही नियमात होतं.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. खोट्या नावांची मस्टरं भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने अडकली, अर्ध्यावर सोडलेले रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले. या दोषांवर मजूर संघटनांनी मोर्चे काढले, लोक कोर्टात गेले, आणि मला तोच या कायद्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. सरकारनं दिलेल्या मदतीसाठी आभार मानतात; हक्क मिळाला नाही तर भांडता येतं.

कायदा प्रत्यक्ष अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी. पागे तेव्हा माजी सभापती झाले होते. 1990 मध्ये ते गेले. त्याच सुमाराला योजनेनं वेगळं वळण घेतलं. मजुरीचा पैसा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात फळझाडं लावायला मिळू लागला आणि कोरडवाहू जमिनीवर आंबा, डाळिंब, बोराच्या बागा उभ्या राहू लागल्या.

2005 साली संसदेनं देशासाठी ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा समोर अनुभव होता तो महाराष्ट्राचा. फेब्रुवारी 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर भत्ता, ही कलमं तिथंही आली. देशाच्या कायद्यानं मात्र एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांचीच हमी दिली. महाराष्ट्राच्या कायद्यानं ही रेघ ओढली नव्हती.