सातपुड्यातील कमठा व आधुनिक कंपाउंड धनुष्य : शक्तिसंचयाचा तुलनात्मक विचार

धनुष्य हे शक्ती साठविण्याचे साधन होय. मनुष्याच्या बाहूंचे स्नायू मोठा जोर लावू शकतात, परंतु तो सावकाश लावतात; हलक्या बाणास वेग देण्यास असा सावकाश जोर उपयोगी पडत नाही. धनुर्धर एक-दोन सेकंदांत जे कार्य करतो ते धनुष्य आपल्या वाकलेल्या भुजांत साठविते आणि सेकंदाच्या अल्पशा अंशात बाणाच्या स्वाधीन करते. धनुष्याचे सर्व गुणदोष या एका व्यवहारातून निघतात. ते किती शक्ती साठविते, तीपैकी किती बाणास देते आणि हे होत असता धनुर्धरावर किती भार पडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे कोणत्याही धनुष्याची परीक्षा झाली. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवरील सातपुड्यात चालत आलेला बांबूचा कमठा आणि अमेरिकेत शिकारीसाठी जन्मलेले कंपाउंड धनुष्य यांना हेच तीन प्रश्न विचारून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कमठ्याची घडण

‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून आले असावे, असे मत अनेक विद्वानांनी मांडले आहे. तमिळमध्ये धनुष्यास ‘विल्’ व कानडीत ‘बिल्लु’ म्हणतात. ही व्युत्पत्ती मान्य करो वा न करो, खानदेशातील भिल्ल समाज आणि धनुष्य यांचा संबंध किती जुना मानला जातो, हे तीवरून कळते. भिल्लांचे धनुष्य चिरलेल्या बांबूचे असते आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच पातळ सालपट्टीची असते. बांबूची दोरी ही नवलाची वाटली तरी नवी गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी प्रत्यंचेची जी द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत मूर्वा, रुई, ताग व स्नायू यांच्याबरोबर वेणूचीही गणना आहे.

या निवडीमागे पदार्थविज्ञान आहे. बांबूच्या भिंतीत तंतूंचे पुंज सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतात. बाहेरच्या सालीकडे ते दाट आणि आतल्या बाजूस विरळ असतात. म्हणून साल ताणास फार चांगली टिकते. दोरीचे काम करणारी सालपट्टी ताण पडला तरी फारशी लांबत नाही. दोरी लांबली की भुजांतील शक्तीचा काही भाग तिच्यातच खर्ची पडतो. आजच्या धनुष्यांत पॉलिएस्टरच्या दोरीची जागा उच्च प्रतीच्या पॉलिएथिलीन तंतूंनी घेतली, तीही याच कारणासाठी. साधने निराळी असली तरी दोन्हीकडे शोध एकाच गुणाचा आहे.

चक्राची करामत

अमेरिकेतील मिसुरी राज्याचे होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी 1966 साली कंपाउंड धनुष्याच्या एकस्वासाठी अर्ज केला व 1969 च्या डिसेंबरात त्यांना एकस्व मिळाले. या धनुष्याच्या भुजा आखूड व ताठ असतात. त्यांच्या टोकांना उत्केंद्र चक्रे, म्हणजे ज्यांचा आस मध्यापासून बाजूस सरकविला आहे अशी चक्रे, बसविलेली असतात. चक्राच्या एका खोबणीतून प्रत्यंचा जाते. दुसऱ्या खोबणीतून निघालेली तार समोरच्या भुजेस बांधलेली असते. चक्र म्हणजे वस्तुतः फिरता फिरता आपले दंड बदलणारी तरफ होय. आरंभी प्रत्यंचेचा दंड आखूड व तारेचा लांब असतो, म्हणून खेचणाऱ्यास एकदम मोठा जोर लावावा लागतो. खेच पुरी होत आली की प्रमाण उलटते आणि भुजा सर्वांत अधिक वाकलेल्या असतानाही बोटांवरचा भार उतरतो. या उताराला आपण ‘सूट’ म्हणू. आजच्या धनुष्यांत ती सामान्यतः 65 ते 90 टक्के असते.

याचा परिणाम आकड्यांनी पाहू. हिशेबासाठी दोन धनुष्ये कल्पू. दोहोंचा कमाल ताण 200 न्यूटन (सुमारे 20 किलोग्रॅम वजनाएवढा) व खेच अर्धा मीटर. साध्या धनुष्याचा ताण खेचीबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. आलेखाखालचे क्षेत्र त्रिकोणाचे होते आणि साठलेली शक्ती 50 ज्यूल येते. कंपाउंड धनुष्याचा ताण पहिल्या 12 सेंटीमीटरांतच 200 न्यूटनांवर जातो, पुढील 26 सेंटीमीटर तेथेच राहतो व अखेरच्या 12 सेंटीमीटरांत 40 न्यूटनांवर उतरतो, असे धरू. या तीन भागांची क्षेत्रे अनुक्रमे 12, 52 व 14.4 ज्यूल, म्हणजे एकूण 78.4 ज्यूल होतात. कमाल ताण तोच असून साठा दीडपटीहून अधिक झाला आणि नेम धरून राहताना हातावर भार मात्र पाचव्या हिश्श्याचा उरला. चक्राने शक्ती निर्माण केलेली नाही. सर्व कार्य धनुर्धरानेच केले आहे. चक्राने इतकेच केले की, जेथे हात जोर लावू शकतो तेथे अधिक काम करून घेतले व जेथे डोळ्यास स्थैर्य हवे तेथे हातास विसावा दिला.

हा विसावाच अचूकतेचे मूळ होय. पूर्ण ताणलेला दमदार कमठा फार वेळ धरवत नाही. खेच, नेम व मोक्ष या तिन्ही क्रिया जवळजवळ एकाच हालचालीत उरकाव्या लागतात. कंपाउंड धनुर्धर काही सेकंद थांबू शकतो. प्रत्यंचेतील छिद्रातून व भिंगातून पाहतो आणि बोटांऐवजी खटक्याच्या साधनाने दोरी सोडतो, त्यामुळे दोरी बाजूस घसरत नाही. बर्लिन येथे 2023 साली झालेल्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने 50 मीटरांवरून अंतिम सामन्यातील पंधराही बाण दहा गुणांच्या, 8 सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात मारले व 150 पैकी 150 गुणांनी विजेतेपद मिळविले. महिलांचे विजेतेपद साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने पटकाविले. अशा स्पर्धांत कमाल ताणाची मर्यादा 60 पौंड असते. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे.

वेगाचा आकडा व त्याचा अर्थ

शिकारी धनुष्यांच्या जाहिरातींत सेकंदास 340 फूट असे वेगाचे आकडे ठळकपणे दिलेले असतात. हे मापन 70 पौंड ताण, 30 इंच खेच व 350 ग्रेन (सुमारे 22.7 ग्रॅम) वजनाचा बाण या ठरीव अटींवर केलेले असते. हा वेग सुमारे 104 मीटर येतो व बाणाची गतिज शक्ती 122 ज्यूल. परंतु हा बाण त्या ताणाच्या मानाने हलका असतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

धनुष्याच्या शक्तीचा काही भाग भुजा व दोरी हलविण्यात जातो. अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते पॉल क्लॉपस्टेग यांनी हा व्यय ‘आभासी वस्तुमाना’च्या कल्पनेने मांडला : बाणाच्या वस्तुमानात धनुष्याचे एक ठरावीक वस्तुमान मिळविले की वेगाचा हिशेब जुळतो. वरील 50 ज्यूलांच्या साध्या धनुष्याचे आभासी वस्तुमान 10 ग्रॅम मानू. मग 25 ग्रॅमचा बाण सेकंदास सुमारे 53 मीटर वेगाने जाईल व सुमारे 36 ज्यूल शक्ती नेईल. 40 ग्रॅमचा बाण 45 मीटरांनीच जाईल, परंतु 40 ज्यूल नेईल आणि त्याचा संवेगही सुमारे एकतृतीयांशाने अधिक असेल. वेग घटला, तरी लक्ष्यात शिरण्याची योग्यता वाढली. मोठ्या जनावरासाठी जड लोखंडी पात्याचा बाण वापरणाऱ्या शिकाऱ्याचा व्यवहार या गणिताशी जुळणारा आहे.

शिकारीच्या अंतरासंबंधीही असाच विचार करता येतो. दोरीचा आवाज सेकंदास सुमारे 340 मीटर वेगाने जनावराकडे जातो व बाण मागाहून पोहोचतो. 50 मीटर वेगाचा बाण 20 मीटर अंतर 0.40 सेकंदात तोडतो व आवाज 0.06 सेकंदात, जनावरास दचकून हलण्यास 0.34 सेकंद मिळतात. 90 मीटर वेगाच्या बाणास 40 मीटरांवर 0.44 सेकंद लागतात व आवाजास 0.12, म्हणजे सवड 0.32 सेकंदांची, जवळजवळ तितकीच. तात्पर्य, सर्व यंत्रसामग्रीने शिकाऱ्यास सुमारे 20 मीटर अंतर विकत घेऊन दिले. कमठ्याचा धनी तेच अंतर वाऱ्याची दिशा, पाऊलवाट व जनावराची सवय यांच्या ज्ञानाने कापीत असे.

खानदेशातील अभ्यासाची दिशा

हे विवेचन शिकारीस उत्तेजन देण्यासाठी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही वनोपजाचे व वहिवाटीचे हक्क मान्य करताना पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. यावल अभयारण्याच्या भूमीवर धनुष्य उचलण्याचे प्रयोजन आज कोणासही उरलेले नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु यातून एक प्रश्न उद्भवतो. कमठा चांगला की वाईट हे आजवर शिकार ठरवीत होती. ती कसोटी गेली की धनुष्य मिरवणुकीत व बाजारात उरते. त्याचा आकार टिकतो, परंतु त्यातील जोर टिकलाच पाहिजे असे बंधन राहत नाही. म्हणून जे कारागीर जोराचे धनुष्य करणे जाणतात, त्यांच्या हयातीतच त्याचे मापन झाले पाहिजे.

त्यास मोठी प्रयोगशाळा नको. काट्याचा तराजू व मोजपट्टी घेऊन दर दोन सेंटीमीटरांवर ताण लिहावा. दोरी तशीच सावकाश परत सोडताना पुन्हा लिहावा. दोन्ही आलेखांमधील क्षेत्र म्हणजे बांबूने गिळलेली शक्ती होय. बाणाशिवाय ताणलेली दोरी एकदम कधीही सोडू नये; सर्व शक्ती भुजांवर उलटून धनुष्य मोडते. बांबू कोणत्या ऋतूत तोडला, साल कोणत्या बाजूस ठेवली, दोरीची पट्टी कशी काढली, या गोष्टी कारागिराच्या तोंडूनच, त्याच्या भिलोरीतील किंवा पावरीतील शब्दांसह टिपून घ्याव्यात. कारण आलेख धनुष्याचा जोर सांगेल, पण तो जोर बांबूत कसा आणला हे सांगणार नाही. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी व भाषेचा विद्यार्थी यांनी या कामी एकत्र जावे. कंपाउंड धनुष्याचे प्रत्येक माप छापील मिळते. कमठ्याचे माप घेण्यास मात्र चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पायीच गेले पाहिजे.