आभासी आणि भौतिक सर्व्हर

ज्या सर्व्हर संगणकाच्या यंत्रावर एकच ऑपरेटिंग सिस्टीम थेट चालते, त्याला भौतिक सर्व्हर म्हणतात. एकाच यंत्राचा प्रोसेसर, स्मृती व साठवण यांची सॉफ्टवेअरद्वारे वाटणी करून जे अनेक स्वतंत्र सर्व्हर निर्माण केले जातात, ते आभासी सर्व्हर होत. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर असे नाव आहे. ‘आभासी’ या शब्दाने असा सर्व्हर खोटा किंवा दुय्यम असल्याचा समज होतो. तो बरोबर नाही. त्यावरील काम अखेर खऱ्याच यंत्रावर चालते, आणि निवडीतील बहुतेक अडचणी हे विसरल्याने उद्भवतात.

इतिहास

ही कल्पना मूळची मेनफ्रेम संगणकांच्या काळातील आहे. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीने सीपी-४० व सीपी-६७ या प्रणालींवर काम केले आणि इ.स. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एक महागडे यंत्र अनेकांना वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे सर्व्हर स्वस्त झाले, प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र घेण्याची प्रथा पडली आणि त्यांतील बरीच यंत्रे दिवसाचा मोठा भाग रिकामी राहू लागली. व्हीएमवेअर कंपनीने इ.स. २००१ मध्ये सर्व्हरसाठी हायपरवायझर आणला. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केल्यावर वेगातील तूटही पुष्कळ कमी झाली.

निवडीचे निकष

संकेतस्थळे, कार्यालयीन सॉफ्टवेअर, चाचणीसाठी लागणारे सर्व्हर अशा सामान्य कामांना आभासी सर्व्हर योग्य ठरतो. तो काही मिनिटांत तयार होतो आणि योग्य व्यवस्था असल्यास चालू स्थितीतच दुसऱ्या यंत्रावर हलवता येतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर अचानक गर्दी होते. त्या दिवसापुरते सर्व्हर वाढवून नंतर ते काढून टाकणे, ही सोय भौतिक सर्व्हरमध्ये नाही.

मात्र भार मोजताना सरासरी फसवी ठरते. समान क्षमतेच्या पाच भौतिक सर्व्हरांवर सरासरी १५ टक्के भार असेल, तर त्यांचे काम तशाच एका यंत्रात ७५ टक्क्यांवर सामावेल असे वाटते. परंतु महिनाअखेरीस पाचही सर्व्हर एकाच वेळी ६० टक्क्यांवर गेले, तर तीन यंत्रांइतकी क्षमता लागेल. म्हणून सर्वाधिक गर्दीची वेळ धरूनच मोजमाप करावे. ज्या डेटाबेसवर सतत मोठा भार असतो, त्याला शेजारच्या सर्व्हरांशी डिस्क व प्रोसेसरसाठी स्पर्धा करावी लागू नये, हे भौतिक सर्व्हर निवडण्याचे सबळ कारण आहे. विशिष्ट हार्डवेअर कार्ड लागणारी सॉफ्टवेअरेही अनेकदा भौतिक सर्व्हरवरच ठेवली जातात.

सर्वांत घातक चूक विश्वासार्हतेबाबत घडते. मुख्य सर्व्हर आणि त्याचा पर्यायी सर्व्हर हे दोन्ही आभासी असून एकाच यंत्रावर असतील, तर त्या यंत्राचा वीजपुरवठा खंडित होताच दोन्ही एकदम बंद पडतात. कागदावर दोन दिसणारे सर्व्हर त्या क्षणी एकच ठरतात. हायपरवायझरने घेतलेली ‘स्नॅपशॉट’ प्रतही बॅकअप नव्हे, कारण सामान्यतः ती मूळ साठवणीवरच अवलंबून असते. डिस्क गेली की प्रतही जाते.

परवान्याच्या अटी तांत्रिक विचार उलटा फिरवू शकतात. काही डेटाबेस उत्पादक आभासी सर्व्हरला दिलेले दोनच कोअर न मोजता यंत्रातील सर्व कोअरचे शुल्क आकारतात. सुरक्षेच्या बाबतीत, जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या त्रुटींनी आभासी सर्व्हरांमधील भिंत अभेद्य नसल्याचे दाखवून दिले.

काही संस्था मधला मार्ग स्वीकारतात. त्या संपूर्ण यंत्रावर एकच आभासी सर्व्हर चालवतात. यात वेगाची किंचित हानी होते, पण यंत्र जुने झाल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा न बसवता संपूर्ण सर्व्हर नव्या यंत्रावर नेता येतो.