खिडकी नसलेला कॅमेरा

मुलांनो, गेल्या २६ जानेवारीला आमच्या राहनाळच्या शाळेच्या पटांगणात मी लेझीमच्या पथकाचा फोटो काढत होते. ऊन असं लख्ख, की मोबाइलच्या काचेवर काही म्हणजे काही दिसेना. "हसा रे!" म्हटलं आणि अंदाजानं बटण दाबलं. संध्याकाळी पाहते तर काय, सगळ्यांत कडेची मुलगी फोटोत नाहीच! दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बाई, माझी लेझीम आली, मी नाही आले." मला फार वाईट वाटलं.

चूक उन्हाची नव्हती, बरं का! कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते, तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. ती मुळीच नसलेल्या कॅमेऱ्यांनीसुद्धा माणसांनी उत्तम चित्रं टिपली आहेत.

असा एक कॅमेरा मुंबईतही आला होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात भारतातला सिनेमाचा पहिला खेळ झाला. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचं यंत्र त्यांचा माणूस मारियस सेस्तिए घेऊन आला होता. दिसायला साधी लाकडी पेटी. पुढे भिंग, फिरवायला हँडल. गंमत अशी, की चित्रं टिपायची त्याच पेटीनं आणि मागे दिवा ठेवून पडद्यावर दाखवायचीही त्याच पेटीनं! व्ह्यूफाइंडर मात्र नव्हता.

मग नेम कसा धरायचा? पेटी तिवईवर पक्की बसवायची. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी पडलेलं चित्र पाहायचं, तेही उलटं! चित्राच्या कडा कुठे येतात ते ध्यानात ठेवायचं. उजवीकडे तो खांब, डावीकडे ते झाड. मग दार बंद! आता सेकंदाला दोन फेरे या वेगानं हँडल फिरवायचं. फिल्म जेमतेम १७ मीटर, म्हणजे मिनिटाच्या आत खलास. तेवढ्यात समोरचा माणूस कडेबाहेर गेला, की फिल्म वाया. म्हणून पाहण्याचं काम आधीच पुरं करावं लागे.

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांच्या कॅमेऱ्यालाही व्ह्यूफाइंडर नव्हता. डोक्यावरच्या शिरस्त्राणामुळे डोळा लावणार कसा? कॅमेरा छातीवर अडकवायचा आणि सगळं अंगच वळवून नेम धरायचा. त्याचा सराव पृथ्वीवर आधीच केलेला होता.

मग आम्हीही तसंच केलं. एके दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, खुर्चीवर मोबाइल पक्का टेकवला. मी काचेत पाहून सांगत गेले आणि दोन मुलांनी फोटोच्या कडा जमिनीवर खडूनं आखल्या. दुपारी सगळं पथक त्या रेषांच्या आत उभं राहिलं. ती मुलगी मुद्दाम पुन्हा कडेलाच उभी राहिली! या वेळी मी काचेकडे पाहिलंच नाही, मुलांकडे पाहत बटण दाबलं.

फोटोत सगळे आले. तीही आली, लेझीमसकट.

तुम्हीही आईबाबांना घेऊन हा खेळ करून पाहा. आधी रेषा, मग फोटो!