नख सुटते तेव्हा

मंडळी, आम्ही जन्मभर मजुरीसाठी भांडलो, वैद्यकी शिकलो नाही. तरी आज नखाविषयी बोलणार आहोत. नगर नि संगमनेरकडे विड्या वळणाऱ्या बायांचे पोट बोटांच्या टोकांवर चालते. टेंभुर्णीचे भिजवलेले पान फर्म्याने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा नि तोंड नखाने किंवा काडीने मुडपायचे. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तोच दाब. घरी गेल्यावर भांडी, धुणे आहेच. सततची ओल आणि वारंवार बसणारा दाब ही नख सुटण्याची दोन ठळक कारणे.

नख म्हणजे कठीण पापुद्रा. तो खालच्या मऊ कातडीला चिकटून असतो, म्हणून गुलाबी दिसतो. चिकटण सुटली की मध्ये हवा शिरते नि नख टोकाकडून पांढरे पडत जाते. सहसा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. नखुरडे ठणकते, लाल होते, ते निराळे. नखुरड्याला लोक लिंबात बोट खुपसतात. सुटलेल्या नखाला तो उपाय करू नये. ओल आत कोंडली की जंतू वाढतात, कधी नख हिरवटही होते.

मग करावे काय? सुटलेला भाग बेताने कापून आखूड ठेवावा. ओढून मात्र काढू नये. पांढरे दिसते म्हणून पिनेने, काडीने आतून कोरणे हा तर घात. त्याने सुटलेली जागा वाढते. हात धुतल्यावर पुसून कोरडे करावेत. धुण्याभांड्याला रबरी हातमोजे, आतून सुती, मिळाल्यास उत्तम. एकदा सुटलेला भाग पुन्हा चिकटत नाही. मुळाकडून नवे नख यावे लागते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे पुरे नवे यायला सहाएक महिने. पायाचे वर्षाहून अधिक घेते.

सगळीच नखे काही कामाने सुटत नाहीत. गजकर्णासारखी बुरशी, सोरायसिस, थायरॉईडचा विकार, काही औषधे, हीही कारणे असतात. दुकानातून बुरशीचे मलम आणून महिनोन्महिने चोळण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. अनेक नखे एकदम सुटली, पू झाला, मार न लागता नखाखाली काळा पट्टा दिसला किंवा मधुमेह्याच्या पायाचे नख सुटले, तर डॉक्टरकडे जावेच.

आता आमचा नेहमीचा मुद्दा. ‘हात कोरडे ठेवा’ हे सांगायला सोपे. जिची मजुरी हजारावर ठरते आणि वाईट म्हणून काढलेली छाट तिच्याच अंगावर पडते, तिने बोट पुसायला थांबावे कसे? विडी कामगारांसाठी 1966 साली स्वतंत्र कायदा झाला, पण घरच्या ओट्यावर बसून विडी वळणारीला पाहायला तपासनीस क्वचितच येतो. म्हणून मागणीपत्र लिहिताना दरवाढीच्या कलमाखाली आम्ही आणखी दोन ओळी घालतो: तोंड मुडपायला प्रत्येकीला काडी, आणि हात पुसायला कोरडे फडके.